एसएसडी सकाळी पळते, दुपारी रांगते (डेबियन १२): नवीन घ्यायची की आधी काही तपासायचं?

खानापूर_स्कॅन
नमस्कार मंडळी. कागदपत्रं स्कॅन करायच्या मशीनबद्दल विचारतोय. चौथ्या पिढीचा आय-थ्री, एच-८१ बोर्ड, ८ जीबी रॅम, ४८० जीबीची साटा (डिस्क बोर्डला जोडायची पद्धत) एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, शिवाय २ टीबीची हार्ड डिस्क. सिस्टीम आणि चालू काम एसएसडीवर असतं. लोकांचे उतारे, खरेदीखतं असतात म्हणून एसएसडी लक्सने (लिनक्सची डिस्क कुलूपबंद करायची सोय) एनक्रिप्ट केलेली आहे.

लक्षणं अशी:
सकाळी मशीन चालू केल्यावर तास-दोन तास सगळं ठीक. नंतर एक पान सेव्ह व्हायला दहा-पंधरा सेकंद. मधेच सगळं गोठतं, माऊस हलतो पण खिडकी उघडत नाही, अर्ध्या मिनिटानं आपोआप सुटतं. रीबूट केलं की परत बरं. पाऊस लागल्यापासून जास्त जाणवतंय.

टॉप कमांडमध्ये 'डब्ल्यूए' (प्रोसेसरचा डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) ६० ते ७० टक्के. एचडीपार्म -टी या कमांडनं एसएसडीचा वाचायचा वेग ११८ एमबी प्रति सेकंद आला. दुकानात दाखवल्यावर एसएसडी गेली, नवीन घाला असं सांगितलं. खरंच गेली आहे का, कसं ओळखायचं?

टिळकवाडी_लिनक्स
स्वॅपिनेस (रॅममधलं डिस्कवर हलवायचा कल) १० करून बघा. शेड्युलर (डिस्कचे हुकूम रांगेत लावणारा भाग) एमक्यू-डेडलाइन असेल तर बीएफक्यू लावा. फरक पडतो.

शहापूर_हार्डवेअर
थांबा अण्णा, सेटिंगला आत्ताच हात नको. आणि पैसेही खर्च करू नका. तुमच्या माहितीत तीन गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात.

पहिली, ११८ चा आकडा. साटाचे तीन वेग असतात, ६, ३ आणि १.५ गिगाबिट. प्रत्येक ८ बिटांमागं तारेवरून १० बिट जातात, म्हणून कमाल अनुक्रमे ६००, ३०० आणि १५० एमबी. प्रत्यक्षात हातात मिळतात साधारण ५५०, २८० आणि १२०-१३०. तुमचा आकडा बरोबर तिसऱ्या पायरीला बसतोय. मरायला टेकलेल्या एसएसडीचा वेग वरखाली नाचतो, असा एका ठरावीक पायरीवर स्थिर राहत नाही.

दुसरी, अर्ध्या मिनिटाची गोठण. डिस्कला दिलेल्या हुकमाला उत्तर आलं नाही तर लिनक्स ३० सेकंद वाट बघतं, मग लिंक, म्हणजे बोर्ड आणि डिस्कमधली जोडणी, रिसेट करून हुकूम परत पाठवतं. गोठणं आपोआप सुटतं ते यामुळं.

तिसरी, रीबूटनंतर बरं होणं. चुका वारंवार झाल्या की कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच लिंकचा वेग उतरवतो, ६ वरून ३, ३ वरून १.५. उतरवलेला वेग रीबूट होईपर्यंत परत चढत नाही. सकाळी वेगात आणि दुपारी मंद, याचा उलगडा इथं होतो.

आधी महत्त्वाचं काम हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा. मग मशीन मंद असतानाच, रीबूट न करता, एवढं टाका:

सुडो डीमेसेज -(कॅपिटल)टी | ग्रेप -आय एटीए
सुडो स्मार्टसीटीएल -एक्स /डेव्ह/एसडीए

पहिल्यात कर्नलच्या नोंदी दिसतात, दुसऱ्यात डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, म्हणजे स्मार्ट. स्मार्टसीटीएल नसेल तर स्मार्टमॉनटूल्स पॅकेज घाला. (कमांड इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये इंग्रजी स्पेलिंगनेच टाका. कॅपिटल लिहिलं नसेल तिथं अक्षर स्मॉल.)

चिकोडी_कर
सोबत आयओस्टॅट पण घ्या. सिसस्टॅट पॅकेजमध्ये येतं. 'आयओस्टॅट -एक्स १' लावा आणि एक पान सेव्ह करा. शेवटचा 'युटिल'चा रकाना बघून घाबरू नका. एसएसडी एकाच वेळी अनेक हुकूम घेते, त्यामुळं तिथं १०० दिसलं म्हणजे ती थकली असं नाही. 'डब्ल्यू अवेट' बघा, म्हणजे एक राइट पूर्ण व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदात. चांगल्या साटा एसएसडीवर साध्या कामाला हा एक-दोनच्या आसपास राहतो, फिरत्या डिस्कवर १० ते २० चालतो.

खानापूर_स्कॅन
आत्ता मंद आहे, त्यातच घेतलं.

डीमेसेजमध्ये हे परत परत येतंय:
एटीए१.००: फेल्ड कमांड: राइट एफपीडीएमए क्यूड
एटीए१: एसएरर: … बॅडसीआरसी …
एटीए१: हार्ड रिसेटिंग लिंक
एटीए१: लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू १.५ जीबीपीएस
एटीए१: साटा लिंक अप १.५ जीबीपीएस

स्मार्टमध्ये: ५ नंबर (रीअलोकेटेड) शून्य. १९९ नंबर (यूडीएमए सीआरसी एरर काउंट) २८४६. एसएसडीचं आयुष्य ११ टक्के वापरलं असं दाखवतंय.
आयओस्टॅट: लिहिण्याचा वेग ३ एमबी, डब्ल्यू अवेट ९०० च्या पुढं.

शहापूर_हार्डवेअर
सापडलं. एसएसडी ठीक दिसते. रोग तार आणि कनेक्टरच्या मधे आहे.

सीआरसी म्हणजे काय ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढं कुणी घाबरवणार नाही. बोर्ड आणि डिस्क यांच्यामध्ये डेटाचं जे पाकीट जातं त्याच्या शेवटी एक तपासणीचा आकडा जोडलेला असतो. पोचलेल्या पाकिटाशी तो जुळला नाही तर पाकीट वाटेत बिघडलं असं ठरतं आणि परत पाठवलं जातं. १९९ नंबर ही त्या बिघडलेल्या पाकिटांची मोजणी. चिपमधली मेमरी खराब झाली तर ५ नंबर वाढला असता, आयुष्याचा टक्का ११ वर राहिला नसता. फिरत्या डिस्कवर १९७ आणि १९८ पण बघायचे, सेक्टर वाचता येत नसले की ते वाढतात.

आता काम:

१. मशीन बंद, मागचं स्विच बंद, प्लग काढा. पॉवरचं बटण एकदा दाबून धरा, उरलेला करंट उतरतो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला.

२. डेटा केबल काढायच्या आधी तशीच नीट बघा. टॉर्च लावा. एसएसडीच्या तोंडाशी केबल काटकोनात मोडलेली असते, कारण बाजूचं झाकण तिला दाबतं. त्या मोडीवर लाल प्लास्टिक पांढुरकं पडलेलं दिसेल. आतल्या तारा दोन-दोनच्या जोडीनं जातात आणि दोघींमधलं अंतर ठरलेलं असतं. मोडीवर ते अंतर बिघडतं. १.५ च्या वेगाला ती तार चालून जाते, ६ ला जात नाही.

३. कनेक्टर हलक्या हातानं वर-खाली करून बघा. स्टीलची क्लिप नसलेली केबल फॅनच्या थरथरीनं सैल होत जाते. ही कनेक्टरं फार वेळा काढ-घाल करायला बनवलेली नाहीत. कॅबिनेटच्या आतल्या साटा जोडणीची हमी ५० वेळांचीच असते.

४. नवीन केबल क्लिपवाली घ्या, ४० ते ५० सेंटीमीटरची. साटाची मर्यादा १ मीटर आहे, पण लांब घेऊन गुंडाळून बांधण्यात काही अर्थ नाही. झाकण दाबत असेल तर एका टोकाला एल आकाराची घ्या.

५. पोर्ट बदला. एच-८१ वर ४ साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे. रंगावरून ओळखू नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. बोर्डवर पोर्टशेजारी छापलेलं वाचा किंवा बोर्डची पुस्तिका बघा. एसएसडी ६ वाल्या पोर्टवर, फिरती डिस्क ३ वाल्यावर. फिरत्या डिस्कला ३ पुष्कळ होतात.

जांबोटी
आमच्या भागात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते, खानापूरलाही तेच. पिनांवर काळपट थर चढतो. नवीन केबल लावली तरी एसएसडीच्या बाजूच्या पिना साफ करा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, एका दिशेनं दोन-तीनदा. डेटाच्या ७ पिना आणि पॉवरच्या १५, दोन्ही. दहा मिनिटं वाळू द्या. खोडरबर इथं नको. रॅमच्या पट्टीला लोक लावतात, पण इथं पिनांखालची प्लास्टिकची जीभ पातळ असते, जोर लागला की तुटते आणि मग एसएसडी कायमची गेली. हातावरचं सॅनिटायझरही नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

टिळकवाडी_लिनक्स
एक शंका. १९९ चा आकडा कधीच कमी होत नाही. २८४६ कदाचित जुनेच असतील, दोन वर्षांपूर्वीच्या केबलचे. मग त्यावरून आजचा निष्कर्ष कसा काढायचा?

शहापूर_हार्डवेअर
शंका रास्त आहे. एका आकड्यावरून काढायचाच नाही. इथं डीमेसेजमध्ये आजच्या तारखेला चुका दिसताहेत म्हणून मी ठाम बोललो. एरवी पद्धत अशी: १९९ लिहून ठेवा, ३०-४० जीबी कॉपी करा, परत बघा. एकानंही वाढला तर रोग चालू आहे. स्थिर राहिला तर जुना हिशोब.

केबल आणि पोर्ट दोन्ही बदलूनही वाढत राहिला तर पॉवर बघा. साटा एसएसडी ५ व्होल्टवर चालते. मोकळ्या मोलेक्समध्ये (पॉवर सप्लायचा जुना चार पिनांचा कनेक्टर) मल्टिमीटर घाला, लाल आणि काळा. ४.७५ ते ५.२५ च्या आत हवं, तेही मशीन कामात असताना. मोलेक्सवरून साटा करणारे स्वस्त जोड टाळा, ते सैल पडतात आणि तापतात.

खानापूर_स्कॅन
केबल बदलली, पिना साफ केल्या, दुसऱ्या पोर्टवर लावली. जुनी केबल तोंडाशीच मोडलेली होती आणि एसएसडीकडची क्लिप तुटलेली. आता:

साटा लिंक अप ६.० जीबीपीएस.
एचडीपार्म: ४९५ एमबी.
४० जीबी कॉपी केल्यावर १९९ तिथंच, २८४६.
गोठणं पूर्ण बंद.

पण एक राहिलंय. सलग शंभर-दीडशे पानं स्कॅन केली की वेग ४५ एमबीवर येतो. डीमेसेज स्वच्छ आहे, लिंक ६ वरच. अर्धा तास मशीन नुसतं ठेवलं की थोडं सुधारतं. हे एनक्रिप्शनमुळं का?

निपाणी_सर्व्हर
एनक्रिप्शनचा संशय एका कमांडमध्ये मिटतो: 'क्रिप्टसेटअप बेंचमार्क'. एईएस-एक्सटीएस या एनक्रिप्शनच्या पद्धतीची ओळ बघा. चौथ्या पिढीच्या आय-थ्रीत एईएसच्या सूचना प्रोसेसरमध्येच आहेत, त्यामुळं आकडा साटाच्या वेगाच्या बराच वर येईल.

मला वेगळंच काहीतरी वाटतंय. दोन आकडे द्या: एसएसडी किती टक्के भरली आहे, आणि 'एलएसबीएलके -(कॅपिटल)डी' चं उत्तर. शिवाय एका पानाची फाइल केवढी होते?

खानापूर_स्कॅन
बेंचमार्क १५०० एमबीच्या वर. एसएसडी ९४ टक्के भरलेली. एलएसबीएलकेमध्ये एसडीएसमोर आकडे आहेत, पण खालच्या क्रिप्ट ओळीसमोर डिस्क-ग्रॅन आणि डिस्क-मॅक्स दोन्ही शून्य. पान ए-फोर, ६०० डीपीआय, रंगीत टिफ, १०० एमबीच्या वर.

निपाणी_सर्व्हर
मग दोन गोष्टी एकमेकींना बिघडवताहेत.

स्वस्त एसएसडीत एका कप्प्यात ३ किंवा ४ बिट भरतात. तसं लिहायला वेळ लागतो. म्हणून आधी रिकाम्या कप्प्यांत एकेकच बिट भराभर लिहून घेतात आणि मशीन मोकळं असताना आवरून ठेवतात. तो रिकामा भाग संपला की खरा, मंद वेग उघडा पडतो. तुमचे ४५ म्हणजे तोच. अर्ध्या तासानं सुधारतं कारण तेवढ्यात तिनं थोडं आवरलेलं असतं.

९४ टक्के भरल्यावर आवरायला जागाच नाही. त्यात क्रिप्ट ओळीसमोरचे शून्य. तुम्ही फाइल डिलीट करता तेव्हा फाइलसिस्टीम फक्त स्वतःच्या वहीत ती खोडते. एसएसडीला ते कळायला ट्रिम लागतं, आणि तुमचं ट्रिम लक्सच्या थरावर अडतंय. म्हणजे दोन वर्षांपूर्वी डिलीट केलेली पानंसुद्धा एसएसडी जिवंत समजून इकडून तिकडे हलवत बसली आहे.

उपाय:

'/ईटीसी/क्रिप्टटॅब' उघडा. तुमच्या ओळीच्या शेवटी 'लक्स' आहे, तिथं स्वल्पविराम देऊन 'डिस्कार्ड' जोडा, मधे जागा न सोडता. मग 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' आणि रीबूट. परत 'एलएसबीएलके -(कॅपिटल)डी', आता शून्य जायला हवेत. नंतर 'सुडो एफएसट्रिम -एव्ही'. पहिल्यांदा वेळ घेईल, मधे बंद करू नका. शेवटी 'सुडो सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ एफएसट्रिम.टायमर', म्हणजे आठवड्यातून एकदा आपोआप होईल.

इनिटरॅमएफएसची (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) पायरी लोक विसरतात. रूट विभाजन बूटच्या सुरुवातीलाच उघडतं, तिथं जुनीच क्रिप्टटॅब राहते आणि मग वाटतं की डिस्कार्ड लावूनही उपयोग नाही.

एक गोष्ट जाणूनबुजून ठरवा. ट्रिम सुरू केल्यावर एसएसडी कुणाच्या हाती लागली तर कुठले भाग रिकामे आणि किती भरलेले एवढं त्याला कळू शकतं. मजकूर कळत नाही. तुमच्या कामाला हे चालेल असं माझं मत, पण कागद लोकांचे आहेत, त्यामुळं निर्णय तुमचा.

चिकोडी_कर
फाइलच्या आकाराचं पण बघा की. ए-फोर ६०० डीपीआय म्हणजे ४९६० गुणिले ७०१६ ठिपके, प्रत्येकाचे ३ बाइट, म्हणजे १०४ एमबी. दीडशे पानं म्हणजे १५ जीबी सलग राइट. रंगीत शिक्के, जीर्ण कागद असतील तिथं ६०० रंगीत ठेवा, पण टिफ सेव्ह करताना एलझेडडब्ल्यू (फाइल दाबून लहान करायची पद्धत) लावा, एक ठिपका बदलत नाही आणि पांढरा भाग जास्त असेल तर फाइल बरीच उतरते. साधा टाइप केलेला मजकूर असेल तर ३०० डीपीआय ग्रे पुरतं, ते पान ८.७ एमबीचं होतं. बारा पट फरक. मराठी-कन्नड दोन्ही लिपींची बारीक काना-मात्रा ३०० ला वाचता येते, फक्त शाई पुसट असेल तर आधी एक पान तपासा.

संकेश्वर_७
याच विषयात विचारू का? पोर्टेबल हार्ड डिस्कवर कॉपी करताना सुरुवातीला ४०० एमबी दाखवतं, मग पट्टी ९९ टक्क्यांवर दहा मिनिटं थांबते. खरा वेग ३२ च्या आसपास. डिस्क खराब आहे का?

चिकोडी_कर
सुरुवातीचे ४०० हे रॅममध्ये लिहिल्याचे. कर्नल आधी रॅममध्ये घेतं आणि मागून डिस्कवर उतरवतं. रॅम जेवढी मोठी तेवढा हा भास मोठा. ९९ वर थांबलं असताना केबल ओढू नका, 'सिंक' टाका आणि ते परत येईपर्यंत थांबा.

३२ चं कारण 'एलएसयूएसबी -टी' मध्ये दिसेल. डिस्कच्या ओळीला ४८०एम असेल तर ती यूएसबी-२ वर चालली आहे, त्यावर ३५-४० च्या वर मिळत नाही. ५०००एम हवं. पोर्ट निळा असूनही ४८० दिसलं तर केबल बदला. यूएसबी-३ च्या केबलमध्ये जास्तीच्या तारा असतात, त्यातली एक तुटली की ती मुकाट यूएसबी-२ वर उतरते. त्याच ओळीत ड्रायव्हर 'यूएएस' आहे की 'यूएसबी-स्टोरेज' तेही बघा, यूएएस असेल तर छोट्या फाइलींना फरक पडतो.

संकेश्वर_७
४८०एम होतं. दुसरी केबल लावल्यावर ५०००एम, वेग १०५. धन्यवाद.

टिळकवाडी_लिनक्स
वेग तपासायला एफआयओ वापरणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. 'फाइलनेम'समोर फाइलचाच पत्ता द्या, उदाहरणार्थ '/होम/टेस्ट.बिन'. तिथं '/डेव्ह/एसडीए' देऊन राइट टेस्ट चालवली तर डिस्कवरचा डेटा उडतो, विचारतसुद्धा नाही. साइझ ४जी, बीएस ४के, आयओडेप्थ ३२, आयओइंजिन लिबएआयओ, डायरेक्ट १, रनटाइम ६०. डायरेक्ट १ नसेल तर रॅमचा वेग मोजला जातो, डिस्कचा नाही.

माझा शेड्युलरचा सल्ला मागं घेतो. केबल मोडलेली असताना त्याचा काही उपयोग नव्हता. स्वॅपचा संशय असेल तर 'व्हीएमस्टॅट १' मध्ये 'एसआय' आणि 'एसओ' बघावेत, दोन्ही शून्य असतील तर स्वॅपिनेसला हात लावायचं कारणच नाही.

जांबोटी
फिरती डिस्क मंद असेल आणि १९७ शून्यापेक्षा जास्त असेल तर मात्र वरचं काहीच करू नका. ना वेगाची टेस्ट, ना एफएससीके (फाइलसिस्टीम दुरुस्त करायची कमांड). प्रत्येक प्रयत्नानं डिस्क आणखी मरते. माउंट काढा, दुसरी तेवढीच किंवा मोठी डिस्क जोडा, जीडीडीरेस्क्यू पॅकेज घाला आणि आधी 'डीडीरेस्क्यू -एन' नं वाचता येईल तेवढं उचला, मॅप फाइल देऊन. अवघड सेक्टर नंतर, त्याच मॅप फाइलवर, '-आर३' नं. मॅप फाइल तिसऱ्याच डिस्कवर ठेवा, म्हणजे मधे लाइट गेली तरी तिथूनच पुढं चालू करता येतं. फाइलसिस्टीमची दुरुस्ती नकलेवर करायची, मूळ डिस्कवर नाही.

खानापूर_स्कॅन
डिस्कार्ड लावलं, इनिटरॅमएफएस केलं, क्रिप्ट ओळीसमोरचे शून्य गेले. झालेलं काम हार्ड डिस्कवर हलवलं, एसएसडी आता ७१ टक्के. एफएसट्रिमनं १३० जीबीच्या वर मोकळं केलं. रंगीत पानांना एलझेडडब्ल्यू, टाइप केलेल्यांना ३०० ग्रे. आज सलग २०० पानं झाली, एकदाही अडकलं नाही, डब्ल्यू अवेट २ च्या आत. १९९ अजून २८४६.

ट्रिमच्या निर्णयाबद्दल: रिकामी जागा दिसली तर चालेल असं ठरवलं, मजकूर सुरक्षित आहे तेवढं पुरे.

जुनी केबल हार्ड डिस्कला लावून बघू का? तिला ३ गिगाबिटच लागतात.

शहापूर_हार्डवेअर
नको. हार्ड डिस्कवर आता तुमचं झालेलं सगळं काम आहे आणि तिच्या राइटमध्ये रिसेट येत राहिले तर वीज गेलेल्या क्षणी फाइलसिस्टीम अर्धवट राहते. ती केबल ड्रॉवरमध्येही ठेवू नका. कात्रीनं मधोमध कापा आणि टाकून द्या, म्हणजे सहा महिन्यांनी घाईत कुणी तीच उचलून दुसऱ्या मशीनला लावणार नाही. हार्ड डिस्कची आत्ताची केबलही त्याच वयाची असेल, तिच्या १९९ चा आकडा आज लिहून ठेवा आणि पाऊस संपल्यावर परत बघा.